१९.९९ युरोचं तिकीट, पाच माणसं आणि चार मोठ्या बॅगा

पत्र : नमस्कार ताई, ठाण्याहून लिहितेय. मे महिन्यात आम्ही पाच जण युरोपला जायचं म्हणतोय, मी, हे, ९ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. आधी पॅरिस, मग रोम. ह्यांनी पॅरिस ते रोम विमानाचं तिकीट शोधलंय, माणशी फक्त १९.९९ युरो, म्हणजे पाच जणांचे मिळून साधारण दहा हजार रुपये. फ्लाईट सकाळी साडेसहाची आहे, बोव्हे नावाच्या एअरपोर्टवरून. माझा भाऊ म्हणतो की या कंपन्या नंतर बॅगेचे, सीटचे, कशाकशाचे पैसे लावतात, त्यापेक्षा नेहमीच्या कंपनीचं ९५ युरोचं तिकीट घ्या, त्यात बॅग धरलेली असते. हे म्हणतात जवळपास पाचपट पैसे कशाला घालवायचे. आमच्या मोठ्या बॅगा चार होतील. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना फार चालवत नाही. मुंबईची तिकिटं अजून काढलेली नाहीत. एजंट म्हणतो मुंबई-पॅरिस-मुंबई रिटर्न स्वस्त पडेल, मग रोमहून सकाळी परत पॅरिसला यायचं आणि त्याच संध्याकाळी मुंबईची फ्लाईट पकडायची. यावरून घरात रोज वाद होतोय. एवढं स्वस्त कसं काय देतात, यात फसवणूक असते का आणि आम्ही नक्की काय करावं?

उत्तर :

सगळ्यात आधी एक सांगते, मुंबईची रिटर्न तिकिटं अजून काढू नका. तुम्ही विचारलंय पॅरिस-रोमबद्दल, पण तुमच्या प्लॅनमधला खरा धोका तो शेवटचा दिवस आहे, रोमहून सकाळी यायचं आणि संध्याकाळी मुंबईला निघायचं तो. त्यावर खाली सविस्तर लिहितेच.

आता फसवणुकीचं. फसवणूक नाही, कंपन्या खऱ्या आहेत, विमानं चांगली आहेत आणि लाखो लोक रोज त्यातून जातात. मी जर्मनीत राहते, आमच्याकडे दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी नातेवाईक येतात आणि त्यांची युरोपातल्या आतल्या प्रवासाची तिकिटं बहुतेक वेळा मीच काढून देते, त्यामुळे हे बुकिंगचे स्क्रीन मला आता पाठ झालेत. तुमचा भाऊ पैसे लावतात म्हणतो ते बरोबर आणि तुमचे हे स्वस्त आहे म्हणतात तेही बरोबर, फक्त दोघंही तिकिटाची तुलना तिकिटाशी करतायत. तुलना करायची ती पॅरिसच्या हॉटेलच्या दारापासून रोमच्या हॉटेलच्या दारापर्यंत, पाच माणसं आणि चार बॅगा सकट किती पडतं याची.

एवढं स्वस्त कसं देतात ते ऐका. रायनएअर ही या स्वस्त कंपन्यांतली सगळ्यात मोठी, आयर्लंडची. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात त्यांनी २० कोटी प्रवासी नेले आणि त्या वर्षी बॅगा, सीट, प्रायोरिटी म्हणजे आधी चढायची सोय, विमानातलं खाणंपिणं असल्या वरच्या गोष्टींतून त्यांना साधारण ४.७ अब्ज युरो मिळाले, म्हणजे एकूण उत्पन्नाचा तिसरा हिस्सा. माणशी काढलं तर २३-२४ युरो होतात. म्हणजे १९.९९ ला तिकीट घेणाऱ्या एखाद्या तरुणाने काहीच वरचं घेतलं नाही तर त्याच्या वाटचे पैसे दुसरं कोणीतरी भरत असतं, आणि ते बऱ्याचदा मोठ्या बॅगा घेऊन आलेलं कुटुंब असतं. बाकी बचत कुठून येते तर विमान उतरलं की पंचवीस मिनिटांत परत उडवायचं, सीट मागे जात नाही, सीटमागे मासिकं ठेवायचा खिसा नाही, आणि गावाबाहेरचे छोटे एअरपोर्ट, जिथे कंपनीला भाडं कमी पडतं.

तर तो एअरपोर्टच आधी घेऊ. बोव्हे पॅरिसमध्ये नाही. नावात पॅरिस लावतात, पण ते वेगळं गाव आहे, ८० किलोमीटरच्या वर लांब. पॅरिसमधून तिथे जायला खास बस असते, तिला सव्वा तास तरी लागतो आणि तिकीट ऑनलाईन काढलं तरी माणशी १७-१८ युरोच्या घरात जातं, म्हणजे विमानाच्या तिकिटाएवढंच जवळपास. आणि फ्लाईट साडेसहाची, म्हणजे पॅरिसमधून तुम्हाला रात्री तीनच्या आसपास निघायला पाहिजे. आता सासूबाई, सासरे, झोपेतून उठवलेलं पोर, चार बॅगा आणि पहाटे तीनला पॅरिसच्या रस्त्यावर उभं राहणं, हे डोळ्यासमोर आणून बघा. आदल्या रात्रीच जाऊन एअरपोर्टवर बसू म्हणाल तर बोव्हेचं टर्मिनल रात्री बंद असतं. म्हणजे तिथेच जवळ हॉटेल घ्यायचं, दोन खोल्या, ते वेगळेच दीडशे-पावणेदोनशे युरो. पॅरिसमधली तुमची शेवटची संध्याकाळही त्या प्रवासात जाते, तिची किंमत मी धरतच नाहीये पण तुम्ही धरा, कारण पाच जणांनी एवढे पैसे खर्च करून यायचं आणि आयफेल टॉवरचे दिवे लागायच्या वेळी बसमध्ये बसायचं हे मला तरी पटत नाही.

हे फक्त पॅरिसचं नाही बरं का. फ्रँकफर्ट हान फ्रँकफर्टपासून १२० किलोमीटर आहे, मेमिंगेन म्युनिक वेस्ट म्हणून विकतात ते म्युनिकपासून ११० च्या आसपास, स्टॉकहोम स्काव्हस्टा १०० किलोमीटर, बार्सिलोनाच्या नावाखाली जिरोना आलं तर ९० एक. तिकिटावर शहराच्या नावापुढे जो दुसरा शब्द असतो ना तो नकाशात टाकून अंतर बघायचं, मग पुढचा विचार. पण सगळेच लांब नसतात हेही सांगते, रोमचं चाम्पीनो शहरापासून १५ किलोमीटरच आहे, मिलानचं बेर्गामो ५० आहे पण बस सारख्या असतात, तिथे मी पाहुण्यांना बिनधास्त पाठवते.

आता बॅगा. इथे जरा जास्त लिहिते कारण आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मुंबईहून येताना मोठ्या कंपनीत माणशी २३ किलो किंवा जास्त मिळतं, आपण तेवढं भरतो, आणि मग युरोपातल्या आतल्या फ्लाईटला तेच सामान घेऊन उभे राहतो जिथे तिकिटात एकही किलो चेक-इन धरलेला नसतो. फुकट काय मिळतं, तर सीटखाली मावेल अशी एक छोटी बॅग. रायनएअर आणि विझ एअर या कंपन्यांना ४० बाय ३० बाय २० सेंटीमीटर, इझीजेट या कंपनीला जरा मोठी, ४५ बाय ३६ बाय २०. शाळेची सॅक म्हणा. आपण जिला केबिन बॅग म्हणतो, ती चाकांची छोटी ट्रॉली, ती यात बसत नाही, तिचे वेगळे पैसे. आणि मापात चाकं, हँडल, बाहेरचा फुगलेला खिसा सगळं धरतात.

गेटवर एक मापाचा डबा ठेवलेला असतो. बेर्गामोला एकदा माझ्या पुढे एक आजोबा होते, त्यांची ट्रॉली त्या डब्यात छान गेली, फक्त चाकं वर राहिली, दोन बोटं असतील. त्यांनी दाबली, उलटी करून घातली, आतला स्वेटर काढून अंगात घातला, तरी चाकं ती चाकंच, ती काही दबणार नाहीत. बाजूला मुलगी कार्डाचं मशीन हातात घेऊन उभीच होती. गेटवर हा आकडा ६०-७० युरोच्या घरात जातो, आणि तिथे वाद घालून काही होत नाही कारण मागे लाईन असते आणि विमान सुटायची वेळ झालेली असते. रायनएअरमध्ये तर अशी मोठी बॅग पकडली की स्टाफला बोनस मिळतो, नोव्हेंबर २०२५ पासून तो बॅगेमागे अडीच युरो केलाय, कंपनीच्या प्रमुखांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय. त्यामुळे कोणी बघणार नाही, चालून जाईल, या भरवशावर कृपा करून राहू नका.

यावर कोर्टकचेऱ्या चालू आहेत हेही खरं. युरोपच्या कोर्टाने २०१४ मध्येच म्हटलं होतं की वाजवी आकाराची-वजनाची हातातली बॅग ही प्रवासाची गरज आहे, तिचे वेगळे पैसे घेऊ नयेत, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्पेनच्या सरकारने पाच कंपन्यांना मिळून १७९ दशलक्ष युरोचा दंड लावला. पण कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि वाजवी म्हणजे किती यावर भांडण अजून आहेच. गेटवर उभं राहून हे सांगून उपयोग नाही.

करायचं काय, तर मोठ्या बॅगेचे पैसे तिकीट काढतानाच भरायचे. तेव्हा सगळ्यात कमी असतात, नंतर वाढतात, एअरपोर्टवर तर फारच. भाव तारखेप्रमाणे बदलतो, २० किलोला कधी २० युरो तर कधी ६०, मे म्हणजे गर्दीचे दिवस म्हणून मी ४० धरते. आणि २० किलो म्हणजे २०च, वर गेलं की रायनएअर किलोमागे १३ युरोच्या आसपास घेते, म्हणून घरून छोटा हातातला वजनकाटा आणा, दोनशे-चारशे रुपयांना मिळतो. पण खरं सांगू का, चार बॅगा कशाला? दहा-बारा दिवसांना पाच जणांना दोन मोठ्या आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक सॅक एवढं पुरतं, मधे एकदा कपडे धुवायचे, लाँड्री सगळीकडे असते. सासूबाईंना चिवडा-लाडू न्यायचे असतील तर ते सॅकमध्ये चालतात, पण लोणचं, चटणी हे त्यांच्या हिशोबात पातळ पदार्थ, सॅकमध्ये असेल तर १०० मिलीच्या वरची बरणी सिक्युरिटीला काढून ठेवायची वेळ येऊ शकते. ते मोठ्या बॅगेत टाका.

आता हिशोब मांडते, १ युरोला १०० रुपये धरून, आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या तारखेला थोडे इकडे तिकडे होतील.

तुमच्या ह्यांचं १९.९९ वालं : तिकिटं १०० युरो, चार बॅगा १६०, मुलासोबत एका मोठ्या माणसाला पैसे देऊन सीट निवडावीच लागते त्याचे १०, बोव्हेची बस पाच जणांची ९०, रोममध्ये उतरल्यावर बस ३० एक. झाले ३९० युरो. त्यात ते आदल्या रात्रीचं हॉटेल धरलं तर साडेपाचशेच्या वर. दहा हजारांचे पंचावन्न हजार झाले बघा.

भावाचं ९५ वालं : तिकिटं ४७५, बॅगा त्यात आल्या, पॅरिसच्या शार्ल द गॉल एअरपोर्टपर्यंत टॅक्सी साधारण ६५, रोममध्ये फिउमिचीनो एअरपोर्टहून बस ३५. ५७५ च्या आसपास. म्हणजे हॉटेल धरलं तर दोघांच्या वादात खरा फरक दोन-अडीच हजार रुपयांचा आहे, आणि हॉटेल वाचवलं तर त्या बाजूला रात्रीचं जागरण आहे.

आणि तिसरं, जे तुमच्या घरात कोणी बघितलेलं दिसत नाही. बजेट कंपन्या ऑर्ली एअरपोर्टहूनही उडतात, ते पॅरिसला लागूनच आहे. तिथून दुपारची फ्लाईट बघा. ती १९.९९ ला मिळणार नाही, समजा ४५ ला मिळाली, तर तिकिटं २२५, चार बॅगा १६०, सीट १०, आणि ऑर्लीची टॅक्सी. पॅरिस ते एअरपोर्ट टॅक्सीचं भाडं सरकारने ठरवून दिलेलं आहे, ऑर्लीला नदीच्या कुठल्या बाजूला राहता त्याप्रमाणे ३६ ते ४५ युरो, पाचव्या माणसाचे थोडे वर, फक्त पाच जण आणि बॅगा मावतील अशी मोठी गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवा. तर ५० धरू. रोमची बस ३५. बेरीज ४८०, आणि बॅगा दोनच केल्या तर ४००. जून २०२४ पासून १४ नंबरची मेट्रो पण थेट ऑर्लीला जाते, पण पाच जणांचं तिकीट टॅक्सीच्या वर जातं आणि जिने-चालणं वेगळं, म्हणून सासूबाई असताना टॅक्सीच घ्या. माझं मत विचाराल तर हेच करा, बजेट कंपनी चालेल, पण एअरपोर्ट जवळचा आणि वेळ माणसाची.

तिकीट काढताना स्क्रीनवर काय काय येईल ते पटापट सांगते. आधी तीन-चार प्रकारचं भाडं दाखवतील, त्यातलं सगळ्यात खालचं घ्या आणि बॅग वेगळी जोडा, बऱ्याचदा तेच स्वस्त पडतं, पण एकदा बेरीज करून बघा. मग सीट. मुलासोबत एका मोठ्या माणसाला सीटचे पैसे भरावेच लागतात, रायनएअरला १२ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी हा नियम आहे, मुलाची सीट मग फुकट मिळते. बाकीच्या तिघांना सीट घ्यायची गरज नाही, दोन तासांचा तर प्रवास आहे. सासूबाई-सासऱ्यांना शेजारी शेजारीच बसायचं असेल तर मात्र घ्या, कारण न घेतल्यास कंपनी कुठेही बसवते आणि बऱ्याचदा लांब लांबच बसवते. मग इन्शुरन्स विचारतील, नको म्हणा, शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या मिळून एका व्हिसासाठी, ३०,००० युरोच्या कव्हरचा इन्शुरन्स तुम्ही काढलेला असणारच, तो न काढता व्हिसा मिळतच नाही. मग कार भाड्याने, हॉटेल, फास्ट ट्रॅक, सगळ्याला नको.

शेवटी पैसे भरताना एक गोष्ट नीट बघा. तुमचं कार्ड भारतातलं आहे हे साईटला कळतं आणि रक्कम रुपयात दाखवून आम्ही रेट पक्का करून देतो असं म्हणतात. तो रेट कंपनीचा असतो आणि महाग असतो. तिथे युरोतच भरा असा पर्याय शोधा, छोट्या अक्षरात असतो. क्रेडिट कार्डावर बँक सुद्धा साडेतीन टक्क्यांपर्यंत लावते आणि त्यावर जीएसटी, म्हणून फॉरेक्स कार्ड असेल तर ते वापरा.

आणि आतली फ्लाईट एजंटकडून किंवा भलत्या साईटवरून काढू नका, कंपनीच्या साईटवर तुमच्या स्वतःच्या ईमेल आणि मोबाईलने काढा. वेळ बदलली, फ्लाईट रद्द झाली तर मेल तुम्हाला यायला पाहिजे, एजंटला नाही. नावं पासपोर्टवर आहेत तशीच टाका, सासूबाईंचं माहेरचं-सासरचं, मधलं नाव वगैरे घोळ आत्ताच तपासा, कारण पूर्ण नाव बदलायला रायनएअर ११५ युरोच्या आसपास घेते, म्हणजे तिकिटाच्या पाच-सहापट.

चेक-इन हा अजून एक खड्डा. या कंपन्यांत चेक-इन घरून, मोबाईलवर करायचं. रायनएअरला सीट विकत घेतली नसेल तर ते फ्लाईटच्या २४ तास आधी उघडतं आणि २ तास आधी बंद होतं. विसरलात आणि काउंटरवर गेलात तर माणशी ५५ युरो. पाच जणांचे २७५, सत्तावीस हजार, तेही फक्त विसरल्याबद्दल. आदल्या दिवसाचा अलार्म लावून ठेवा. नोव्हेंबर २०२५ पासून त्यांनी कागदाचा बोर्डिंग पास पण बंद केलाय, सगळं ॲपवर, म्हणून ॲप तुमच्या आणि ह्यांच्या दोघांच्या फोनवर टाका आणि पॉवर बँक जवळ ठेवा.

यापेक्षाही महत्त्वाचं, भारतीय पासपोर्टवाल्यांना रायनएअर आणि विझसारख्या कंपन्यांच्या काउंटरवर जाऊन पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावा लागतो, त्याला व्हिसा चेक म्हणतात. पॅरिस-रोम दोन्ही शेंगेनमध्ये आहेत, मधे इमिग्रेशन नाही, तरीही. आपल्याकडे फक्त सॅक आहे म्हणून लोक थेट सिक्युरिटीला जातात आणि मग गेटवरून परत पाठवलं जातं. तुम्ही बॅग टाकायला काउंटरवर जाणारच आहात, तेव्हाच पाचही पासपोर्ट पुढे करा आणि व्हिसा चेक झालं ना असं तोंडाने विचारा. दोन-अडीच तास आधी पोचा, बॅग घेणं ठरल्या वेळेला बंद होतं आणि एक मिनिट उशीर झाला तरी घेत नाहीत.

आता तो शेवटचा दिवस. रोमहून सकाळी पॅरिस आणि संध्याकाळी मुंबई, ही दोन वेगळी तिकिटं आहेत, वेगळ्या कंपन्यांची. रोमची फ्लाईट चार तास लेट झाली किंवा रद्द झाली तर ती कंपनी तुम्हाला पॅरिसला पोचवेल, पण मुंबईचं विमान तुमच्यासाठी थांबणार नाही आणि त्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, पाचही तिकिटं गेली. ऐनवेळी पाच जणांची मुंबईची तिकिटं म्हणजे किती होतील ते मी इथे लिहितही नाही. वर बजेट फ्लाईट बोव्हेला उतरली तर तिथून शार्ल द गॉलला जायचं, बॅगा घ्यायच्या, परत टाकायच्या. तुमची फ्लाईट वेळेवर येईलही, बऱ्याचदा येते, पण फ्रान्समध्ये संप झाला, वादळ आलं तर सकाळच्या फ्लाईट ढिगाने रद्द होतात, आणि उन्हाळ्यात एअर ट्रॅफिकवाल्यांचे संप इथे नवीन नाहीत.

म्हणून एजंटला सांगा, मल्टी-सिटी बघ, मुंबई ते पॅरिस जायला आणि रोम ते मुंबई यायला, दोन्ही एकाच तिकिटावर. तो म्हणेल महाग आहे. किती महाग ते विचारा. कारण रोम-पॅरिस परत यायचा पाच जणांचा खर्च वरच्या हिशोबाने ४०० युरो तरी आहे, म्हणजे माणशी आठ हजार रुपये, आणि सुरक्षित राहायचं तर पॅरिसला एक रात्र आधी यावं लागेल, दोन खोल्यांचं भाडं. मल्टी-सिटी माणशी दहा-बारा हजारांनी जास्त असली तरी तीच घ्या असं मी म्हणेन, एक अख्खा दिवस वाचतो आणि जीवाला घोर नाही. आणि एजंट म्हणाला मिळतच नाही, तर स्वतः दोन-तीन कंपन्यांच्या साईटवर बघा, बहुतेक मोठ्या कंपन्यांना तो पर्याय असतो. काहीच जमलं नाही आणि पॅरिसलाच परत यायची वेळ आली तर मग आदल्या दिवशी या, आणि अशा वेळी दोन बॅगा पॅरिसच्या हॉटेलमध्येच ठेवून रोमला सॅक घेऊन जा, बॅगेचे पैसे तेवढे वाचतील.

फ्लाईट रद्द किंवा लेट झाली तर हक्क काय ते पण माहीत असू दे, कारण तिकीट २० युरोचं असो की २०० चं आणि पासपोर्ट कुठलाही असो, युरोपातून उडणाऱ्या फ्लाईटला नियम तोच. तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलात आणि चूक कंपनीची असेल तर पॅरिस-रोमएवढ्या अंतराला माणशी २५० युरो भरपाई मिळते, पाच जणांचे १२५०. वादळ, एअर ट्रॅफिकचा संप असेल तर भरपाई नाही, पण खाणंपिणं आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल हे कंपनीला द्यावंच लागतं, कारण काहीही असो. एक सावधगिरी, रद्द झाल्याचा मेसेज आला की त्यात रिफंडचं बटण मोठं असतं, घाईत ते दाबू नका. रिफंड घेतला की २० युरो परत मिळतात आणि कंपनी मोकळी होते, हॉटेल पण नाही आणि दुसरी फ्लाईट पण नाही. दुसऱ्या फ्लाईटने पाठवा हा पर्याय निवडा. पावत्या सगळ्या जपून ठेवा आणि क्लेम कंपनीच्या साईटवर स्वतःच टाका, मधे कमिशन घेणारे बरेच असतात.

ट्रेनचं पण एकदा बघा म्हणते. पॅरिस-मिलान थेट ट्रेन २०२५ च्या वसंतात परत सुरू झाली, २०२३ मध्ये दरड कोसळून बंद होती. सात तास लागतात, पुढे मिलान-रोम तीन तास. एका दिवसात सासूबाईंना जास्त होईल, पण मधे मिलान किंवा फ्लॉरेन्सला दोन रात्री राहिलात तर प्रवासच सहलीचा भाग होतो, बॅगेचे पैसे नाहीत, वजन नाही, स्टेशन शहराच्या मधे. तुमच्याकडे दिवस असतील तर मला हेच जास्त आवडेल. दिवस कमी असतील तर ऑर्लीची दुपारची फ्लाईट.

आणि सासूबाईंसाठी, विमानानेच जाणार असाल तर बुकिंग करतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. युरोपात ही मदत कायद्याने फुकट आहे, कुठलीही बजेट कंपनी त्याचे पैसे घेऊ शकत नाही, फक्त निदान ४८ तास आधी कळवायला लागतं. बुकिंगमध्ये स्पेशल असिस्टन्स असा भाग असतो, तिथे लांब चालता येत नाही आणि जिने चढता येत नाहीत हे दोन्ही निवडा, फक्त पहिलं नाही. कारण या कंपन्या बऱ्याचदा टर्मिनलपासून विमानाच्या दारापर्यंतचा पूल लावत नाहीत, डांबरावरून चालत जाऊन शिडीने चढावं लागतं, आणि दुसरं निवडलेलं असेल तर त्यांना लिफ्टच्या गाडीतून थेट विमानाच्या दारापर्यंत नेतात. सोबत घरातलं एक माणूसही त्या गाडीतून जाऊ देतात बहुतेक ठिकाणी, तर सासऱ्यांना त्यांच्याबरोबर पाठवा आणि तुम्ही तिघं मागून या. सासूबाई नको म्हणतील, मला काय झालंय म्हणतील, पण त्यांना आत्ताच घरी बसून समजावा, एअरपोर्टवर नाही.